महामार्गालगतच्या शिवारातून नवा रस्ता आखला जाणार असेल, तर हरकतीत नेमके काय मागावे?

प्रश्न : आडगावच्या पुढील शिवारातील एक शेतकरी

सर्वांना सविनय नमस्कार. आमची चार एकर जमीन नाशिकजवळच्या आडगाव आणि ओझर यांच्या दरम्यान, मुंबई–आग्रा महामार्गापासून दोन गट आत आहे. त्यापैकी अडीच एकरांवर द्राक्षबाग असून उरलेल्या क्षेत्रात आम्ही कांदा आणि टोमॅटो घेतो. महामार्गाला लागून असलेले गट गेल्या काही वर्षांत एकेक करून विकले गेले. आता तेथे गोदामे, मंगल कार्यालये, ढाबे आणि वाहनांची विक्री-दालने उभी आहेत, आणि प्रत्येकाने रस्त्याकडेच्या गटारीत मुरूम टाकून आपापला प्रवेश करून घेतला आहे.

याचे दोन परिणाम आम्हाला रोज भोगावे लागतात. आमच्या बाजूच्या ओढ्याचे पाणी पूर्वी महामार्गाखालच्या मोरीतून सरळ पलीकडे उतरत असे. आता मोरीच्या तोंडाशी एका गोदामाचा भराव आल्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी मागे फुगते आणि बागेच्या खालच्या ओळींत दोन-तीन दिवस थांबून राहते. खरड छाटणीनंतर काडी तयार होण्याच्या काळात मुळाशी असे पाणी साचले की पांढरी मुळी कुजते आणि त्याचा फटका पुढच्या हंगामाच्या मालाला बसतो, हे बागाईतदारांना सांगायला नको. दुसरी अडचण वाहतुकीची आहे. आमच्या भावकीची थोडी जमीन महामार्गाच्या पलीकडे आहे. तेथे जाण्यासाठी ट्रॅक्टर बरेच अंतर उलट दिशेने चालवत दुभाजकाच्या पंक्चरपर्यंत, म्हणजे दुभाजकातील मोकळ्या जागेपर्यंत, न्यावा लागतो. माल भरलेला असताना हा प्रकार जिवावर बेतणारा आहे, पण आज दुसरा मार्गच नाही.

आता सिंहस्थाच्या निमित्ताने आणि शहराच्या वाढीच्या निमित्ताने आमच्या भागातून रुंद रस्ता जाणार असल्याची चर्चा गावात जोरात आहे. आखणीचे दगड पडलेले नाहीत आणि कोणाच्याही हातात नोटीस आलेली नाही, तरी गावात दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे आहे की बागाईत जमिनीतून रस्ता नकोच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे की रस्ता आला की भाव वाढेल, म्हणून गप्प बसावे. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात, कारण महामार्ग तर आमच्या आधीच्या पिढीपासून आहे आणि त्याच्या कडेला जे व्हायचे ते आमची संमती न विचारता होतच आहे. माझा प्रश्न असा, की उद्या आराखडा प्रसिद्ध झाला तर केवळ "माझ्या गटातून नको" एवढेच न लिहिता आम्ही गाव म्हणून काय मागावे, आणि नोटीस येण्याआधी आत्ता काय करून ठेवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : नगररचनेच्या कामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता, नाशिक

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. आराखडा छापून आल्यावर लोक जागे होतात आणि तेव्हा हाती फक्त सूचनेत दिलेली मुदत उरते. मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण सांगितलेल्या दोन्ही अडचणींचे, म्हणजे तुंबलेल्या मोरीचे आणि उलट्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅक्टरचे, मूळ एकच आहे असे माझे मत आहे.

लांब पल्ल्याची वाहतूक वेगाने पुढे नेणे आणि प्रत्येक प्लॉटला दार देणे ही दोन कामे एकाच रस्त्याकडून करून घेता येत नाहीत. महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटरने येणाऱ्या मालमोटारीसमोर एखाद्या मंगल कार्यालयाच्या फाटकातून गाडी बाहेर पडते, तेव्हा दोघांच्या वेगातील फरकच अपघात घडवतो. अशी फाटके जितकी वाढतात तितक्या धोक्याच्या जागा वाढतात. हे टाळण्यासाठीच भारतीय रस्ते काँग्रेसने मोकळ्या ग्रामीण भागातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी दोन रेषा सुचवल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमधील अंतर ८० मीटर आणि नियंत्रण रेषांमधील अंतर १५० मीटर, म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून मोजले तर अनुक्रमे ४० आणि ७५ मीटर. पहिल्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये आणि दोन रेषांच्या मध्ये जे होईल ते नियंत्रणाखाली व्हावे, असा त्याचा अर्थ आहे. राज्याच्या १९५५ च्या महामार्ग अधिनियमातही अशा रेषा जाहीर करण्याची तरतूद आहे, तर राष्ट्रीय महामार्गावर थेट प्रवेश घेण्यासाठी २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याखाली परवानगी लागते.

या रेषांनी बांधकाम मागे सरकते, पण मागे सरकलेल्या त्या प्लॉटला रस्ता कुठून मिळणार, हे त्या सांगत नाहीत. दुसरा रस्ताच नसेल, तर परवानगी घेऊन किंवा न घेता प्रत्येक जण महामार्गाकडेच दार काढणार. पुष्कळ लोकांचा असा समज असतो की जमीन शेती विभागात राहिली की ही रांग आपोआप थांबेल. पण राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातही काही अटींवर मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, महामार्गालगतच्या सुविधा अशा वापरांना परवानगी मिळू शकते. त्यामुळे नकाशातील हिरवा रंग एकट्याने काही अडवत नाही. खरे काम रस्त्यांच्या जाळ्याने होते.

म्हणून गावाची पहिली आणि मुख्य मागणी ही असावी, की महामार्गाला समांतर असा दुसरा रस्ता आतल्या बाजूने, साधारण तीनशे ते पाचशे मीटरवर, आराखड्यात दाखवावा आणि ठरावीक अंतरावर आडव्या रस्त्यांनी तो सर्व्हिस रोडला जोडावा. आपली जमीन दोन गट आत आहे, म्हणजे आज आपण वाऱ्यावर आहात. पुढच्या गटाला महामार्गाचा दर मिळतो आणि मागच्या गटाला फक्त पुढच्याने अडवलेले पाणी मिळते. आतला समांतर रस्ता झाला की रस्त्याचा लाभ एका ओळीत न अडकता शिवारात खोलवर पसरतो, आणि महामार्गावर दार काढण्याचे कारणही कमी होते. "रस्ता नको" म्हणणाऱ्यांना हे पटवणे सोपे नाही याची मला कल्पना आहे, परंतु एक मोठा रस्ता टाळण्यासाठी दोन मध्यम रस्ते मागणे हा शेतकऱ्याच्याही फायद्याचा सौदा आहे.

दुसरी मागणी सर्व्हिस रोडची. केवळ "सर्व्हिस रोड द्या" असे लिहू नये, कारण कागदावर तो बहुतेक ठिकाणी असतोच. पण तो ओढ्यापाशी येऊन तुटतो. मुख्य रस्त्याचा पूल रुंद करून सर्व्हिस रोडलाही ओढ्यावरून नेण्याचा खर्च वाचवला जातो, आणि मग गावातील दुचाकी, ट्रॅक्टर, शाळेची रिक्षा, सगळी वाहने ओढा ओलांडण्यापुरती महामार्गावर चढतात. नेमके तेवढ्या तुकड्यात अपघात होतात. म्हणून हरकतीत ओढ्याचे नाव आणि गट क्रमांक देऊन लिहावे, की येथे सर्व्हिस रोड सलग हवा.

तिसरी मागणी भुयारी मार्गाची, आणि ती जागेसह करावी. जिथे जुना शिवरस्ता किंवा गाडीवाट महामार्गाला छेदत होती, तिथेच भुयारी मार्ग मागावा. सोयीचे म्हणून तो दुसरीकडे सरकवला, तर लोक पुन्हा दुभाजक फोडतात. उंचीचाही उल्लेख करावा. सर्व प्रकारच्या वाहनांसाठीच्या भुयारी मार्गात साडेपाच मीटर मोकळी उंची धरतात. त्यापेक्षा कमी उंचीचा, केवळ हलक्या वाहनांसाठीचा मार्ग दिला, तर उसाची किंवा चाऱ्याची भरलेली ट्रॉली त्यातून जाणार नाही आणि पैसे खर्चूनही आपला ट्रॅक्टर उलट्या दिशेनेच चालत राहील.

आता मोरीविषयी. महामार्ग हा पाण्याच्या दृष्टीने एक लांब बांधच असतो. त्याखालील प्रत्येक मोरीचा आकार तिच्यामागच्या पाणलोटावर ठरवलेला असतो. तिच्या तोंडाशी भराव आला, किंवा वरच्या शेतांची गोदामे होऊन पाणी मुरण्याऐवजी वाहू लागले, की तोच आकार अपुरा पडतो. नवा रस्ता आला तर आणखी एक बांध उभा राहील. म्हणून नव्या रस्त्याच्या मोऱ्या भविष्यातील बांधीव क्षेत्र धरून मोजाव्यात, आणि आजचे ओढे त्यांच्या पूर्ण रुंदीसह आराखड्यात ओढे म्हणूनच दाखवावेत, ही मागणी स्वतंत्र परिच्छेदात करावी. अन्यथा ती रस्त्याच्या हरकतीत हरवून जाते.

आत्ता काय करावे, याचे माझे उत्तर एकच आहे: भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढावी. त्यात शिवरस्ते, पाणंद, गाडीवाटा आणि ओढे दिसतात. त्यातले किती आज जागेवर चालू आहेत, किती नांगरले गेले आणि किती भरावाखाली गेले, हे गावातल्या दहा जाणत्या माणसांनी फिरून त्याच नकाशावर रंगाने दाखवावे. आखणी करणारे लोक पुष्कळदा उपग्रहचित्रावर रेघ ओढतात, आणि उपग्रहचित्रात नांगरलेली पाणंद दिसत नाही. जुन्या वाटा आणि गटांचे बांध धरून आखणी झाली, तर कोणाच्याही शेताचे निरुपयोगी त्रिकोणी तुकडे पडत नाहीत. हा मुद्दा सुनावणीत सर्वांत लवकर ऐकला जातो, कारण भूसंपादनाचा खर्चही त्यामुळे वाचतो.

उत्तर २ : महसूल व भूसंपादनाची प्रकरणे पाहणारा वकील

अभियंता महोदयांनी रस्त्याचा भाग चांगला मांडला आहे. मी केवळ कायद्याच्या वाटेबद्दल लिहितो, कारण गावात अनेकदा चुकीच्या कायद्याखाली चुकीच्या कार्यालयात अर्ज दिले जातात आणि मुदत निघून जाते.

रस्ता कोण करणार आहे, हे आधी ओळखावे. तो विकास आराखड्यातील रस्ता असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू होतो. महापालिका हद्दीबाहेरच्या, महानगर प्रदेशात आलेल्या गावांसाठी २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आहे. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. या सुनावणीत जमीनमालकालाच नव्हे, तर हरकत घेणाऱ्या कोणालाही म्हणणे मांडता येते. म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि नकाशा जोडून एक सामूहिक हरकत आणि त्याशिवाय प्रत्येक खातेदाराची वेगळी हरकत, अशा दोन्ही द्याव्यात. सामूहिक हरकतीत जाळ्याची, मोऱ्यांची, भुयारी मार्गाची मागणी असावी. वैयक्तिक हरकतीत आपला गट, विहीर, बाग, घर यांचा तपशील असावा.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून होणार असेल, तर चित्र पूर्ण बदलते. तेथे १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम लागतो. कलम ३अ ची अधिसूचना निघते, ती दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापली जाते आणि त्यातील एक स्थानिक भाषेतील असावे लागते. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीसाठी केवळ २१ दिवस मिळतात. त्यानंतर सक्षम प्राधिकारी निर्णय देतात, आणि कलम ३ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. ही घोषणा ३अ च्या अधिसूचनेपासून एका वर्षात व्हावी लागते, नाहीतर ती अधिसूचना निष्प्रभ ठरते. या वाटेत सर्व्हिस रोडची किंवा मोरीची मागणी हरकतीतून क्वचितच मान्य होते, कारण तोवर रचनाचित्रे जवळपास ठरलेली असतात. ती मागणी त्याआधी, सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होत असतानाच करावी लागते. गावात मोजमापाची यंत्रे घेऊन माणसे दिसली, की तीच वेळ समजावी.

मोबदल्याबाबत एक गोष्ट बागाईतदारांनी जरूर लक्षात ठेवावी. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३ग (3G) मध्ये बाजारभावाबरोबरच जमिनीचा उरलेल्या जमिनीपासून तुकडा पडल्यामुळे होणारे नुकसानही विचारात घेण्यास सांगितले आहे. विहीर एका बाजूला आणि बाग दुसऱ्या बाजूला राहिली, जलवाहिनी तुटली, ट्रॅक्टरला वळसा पडला, हे सर्व या सदरात येते. मागितले नाही तर कोणी देत नाही. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहून विहीर, बोअर, जमिनीखालची पाइपलाइन, ठिबक संच, मांडवाचे अँगल आणि तारा, झाडांची संख्या यांची नोंद करून घ्यावी आणि त्या नोंदीची प्रत मागावी. निवाडा मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते, पण लवादापुढे उभे राहायचे ते याच नोंदीच्या बळावर.

नोटीस येण्याआधीचे काम म्हणाल, तर वारसनोंदी पूर्ण कराव्यात, पीकपाहणीत द्राक्षबाग द्राक्षबाग म्हणूनच दिसते आहे याची खात्री करावी आणि विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आणावी. मोबदला अडकतो तो दराच्या वादात कमी आणि भावकीच्या नोंदींत जास्त.

आपल्या मोरीच्या तक्रारीसाठी मात्र आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शेतातील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, हे ध्यानात ठेवावे. नव्याने भराव टाकला गेला असेल तर लगेच हालचाल करावी. बांधावरून रस्ता मिळण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे.

उत्तर ३ : सिन्नर तालुक्यातील शेतकरी

आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, म्हणून थोडे लिहितो. १२० मीटर रुंदीचा, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला हा रस्ता आहे. शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला. आपल्याकडच्या मुंबई–आग्रा महामार्गासारखी दुकानांची रांग त्याच्या कडेला लागलेली नाही, कारण आत जायला इंटरचेंजशिवाय वाटच नाही. जमिनीच्या मागणीचा सगळा जोर इंटरचेंजच्या भोवती गोळा होतो आणि मधली गावे शेतीचीच राहतात. बागायती टिकवायची असेल तर हा प्रकार त्या दृष्टीने बरा आहे, असे आता मला वाटते, जरी जमीन देताना आमच्याकडेही खूप संघर्ष झाला.

परंतु कुंपणाच्या रस्त्याने शेतकऱ्याचे रोजचे येणेजाणे कायमचे ठरून जाते. भुयारी मार्ग ज्या ठिकाणी झाला, त्याच ठिकाणाहून पुढची पन्नास वर्षे बैलगाडी, ट्रॅक्टर आणि अंत्ययात्रा जाणार. नंतर तो मागून मिळत नाही. म्हणून अभियंता साहेबांनी लिहिलेले भुयारी मार्गाच्या जागेचे आपण हलके घेऊ नये. आणखी एक, भुयारी मार्गाच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याचा निचरा कुठे जाणार, हे नकाशावर दाखवायला लावा. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून शाळेची मुले जातात तेव्हा कळते की उताराचा विचार कोणी केलेलाच नाही.

उत्तर ४ : मखमलाबाद परिसरातील रहिवासी

समांतर रस्त्यांची कल्पना ऐकायला चांगली वाटते, पण तिची जमीन कोण देणार, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. आराखड्यात रस्ता दाखवला की त्या पट्ट्यावर बांधकाम परवानगी मिळत नाही, कर्ज देताना बँक विचारात पडते आणि रस्ता मात्र वर्षानुवर्षे होत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षे झाल्यावर मालकाला "जमीन संपादित करा" अशी खरेदी सूचना देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, होते. म्हणजे शेतकऱ्याच्या उमेदीची बारा वर्षे एका रेघेखाली जातात. जमिनीच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ, असे सांगितले जाते, पण शहराबाहेरच्या गावात ते विकत घेणारा कुठे आहे?

जमीन एकत्र करून सर्वांनी सारखा वाटा देण्याची नगररचना योजना हा त्यावरचा उपाय म्हणून पुढे केला जातो. आमच्याकडे स्मार्ट सिटीच्या हरितक्षेत्र विकासाखाली तशी योजना मांडली गेली आणि शेतकऱ्यांनी तिला तीव्र विरोध केला. निम्म्याच्या आसपास जमीन सोडायची, उरलेल्या जागेचा अंतिम भूखंड कुठे मिळेल ते अगोदर ठामपणे कळत नाही, आणि द्राक्षबाग तर अंतिम भूखंडात उचलून नेता येत नाही. मला प्रश्नकर्त्यांना सावध करायचे आहे. रस्ता मागताना त्याचा मोबदला रोख मिळणार की हक्काच्या कागदात, हे त्याच हरकतीत लिहून मागा.

उत्तर ५ : उत्तर १ चे लेखक

वरील आक्षेप मला मान्य आहे आणि तो गंभीर आहे. समांतर रस्ता चोवीस मीटरचा दाखवून बारा वर्षे अडवून ठेवण्यापेक्षा, बारा किंवा पंधरा मीटरचा रस्ता जुन्या शिवरस्त्यावर दोन्ही बाजूंनी सारखा रुंद करून दाखवावा, असे सुचवतो. शिवरस्ता मुळात सरकारी नोंदीत असतो आणि दोन्ही गावांच्या हद्दीवर असतो, त्यामुळे एकाच खातेदारावर भार पडत नाही आणि संपादनाचे क्षेत्रही कमी होते.

नगररचना योजनेबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. उभ्या बागाईत शिवारात ती लादू नये, हे खरेच. पण जिथे महामार्गाला लागूनच्या पट्ट्यातील जमिनी आधीच बिगरशेतीकडे गेल्या आहेत आणि आडवेतिडवे ले-आउट पडले आहेत, तिथे रस्ते, गटारी आणि मोऱ्या यांचा भार पुढच्या पट्ट्यातील मालकांनी वाटून घ्यावा, याला दुसरा न्याय्य मार्ग मला दिसत नाही. आपल्या बागेत साचणारे पाणी पुढच्या गोदामामुळे साचते. त्याच्या निचऱ्याची जमीन आपण का द्यावी? योजनेची हद्द नियंत्रण रेषेच्या जवळपास थांबवावी आणि मागची बागाईत तिच्याबाहेर ठेवावी, अशी मागणी करता येईल. ती मान्य होईलच असे नाही, परंतु सुनावणीच्या नोंदीत तरी येईल.

सिंहस्थ २०२७ चा उल्लेख आपण केला, म्हणून एवढेच जोडतो. पर्वणीच्या तारखा धरून जे रस्ते होतात, त्यांची कामे वेगाने होतात आणि मोऱ्या, सर्व्हिस रोड, जोडरस्ते या गोष्टी "नंतरच्या टप्प्यात" ढकलल्या जातात. पर्वणी संपते आणि शिवारात रस्ता मात्र कायमचा राहतो. या कामांचा समावेश पहिल्याच निविदेत असावा, हे वाक्य ग्रामसभेच्या ठरावात जसेच्या तसे घालावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वकील महोदयांनी सांगितलेली सहा महिन्यांची मुदत मला माहीत नव्हती. मोरीसमोरच्या भरावाचा मूळ भाग जुना आहे, पण गेल्या उन्हाळ्यात त्यावर पुन्हा मुरूम पडला. त्याची छायाचित्रे शेजारच्या गटमालकाकडे आहेत. ती घेऊन याच आठवड्यात तहसील कार्यालयात अर्ज करतो.

गावनकाशाची प्रत मागवली आहे. आमच्या आणि शेजारच्या गावाच्या हद्दीवर एक शिवरस्ता होता, असे जुनी माणसे सांगतात. त्याचा निम्मा भाग आज माझ्या चुलत्यांच्या कांद्याच्या वावरात आहे, त्यामुळे हा विषय भावकीत काढताना मला आधी घरातच बोलावे लागेल. दोन्ही गावांच्या सरपंचांना एकत्र बसवून ओढा, शिवरस्ता आणि भुयारी मार्गाची जागा एकाच नकाशावर आणण्याचा प्रयत्न करणार आहे. मोबदल्याचा मुद्दाही ठरावात वेगळा लिहू.

अभियंता महोदयांना एक विनंती आहे. मोरीचा आकार अपुरा आहे हे ग्रामसभेला दाखवण्यासाठी आम्ही स्वतः काय मोजावे, म्हणजे पावसाच्या दिवशी पाणी कुठवर चढते त्याची खूण करणे पुरेसे आहे की ओढ्याचा छेदही (आडवी रुंदी-खोली) घ्यावा लागेल, हे आपण सवडीने सांगितले तर पावसाळ्यापूर्वी खुणा रोवून ठेवू.

उत्तर ६ : उत्तर १ चे लेखक

दोन्ही करावे. मोरीच्या वरच्या बाजूला, भरावापासून थोडे मागे, तळापासून मीटरच्या खुणा असलेला लोखंडी अँगल रोवावा. मांडवाचा जुना अँगल चालेल. मोठा पाऊस झाला की पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले आणि किती तासांनी उतरले, ते वेळेसह वहीत लिहून छायाचित्र घ्यावे. तशीच एक खूण मोरीच्या खालच्या बाजूला असावी, कारण दोन्हीकडील पातळीतील फरक जितका जास्त, तितकी मोरी अडलेली किंवा अपुरी. ओढ्याचा छेद उन्हाळ्यात, तळ कोरडा असताना, टेप आणि लेव्हल ट्यूब (पातळी जुळवण्याची पाण्याची नळी) घेऊन मोरीपासून वर शंभर मीटरवर एकदा आणि बागेच्या बांधाशी एकदा असा घ्यावा, आणि मोरीची आतली रुंदी व उंची त्याच कागदावर लिहावी. पाणलोटाचे क्षेत्र गावनकाशावरून मी काढून देईन. नकाशाची स्वच्छ छायाप्रत मिळाली की येथे कळवावे.